पस्तीस म्हणजे पास नव्हे

“आमच्या दादाला कधी काय झालंच नव्हतं. छातीत गॅस धरला होता. कल्याणचं मशीन चुकलं, त्यानं पस्तीस दाखवलं. ठाण्याच्या मशीननं पन्नास दाखवलं आनि आमच्या मुरबाडच्या शिबिरात आलं साठ. आता तुमीच सांगा, हार्ट काय भाताचं रोप हाय का, दर साली वाढायला? मशीनच फसवं. दादा उगाच जल्मभर गोळ्या खातोय आनि मलाबी खायला लावल्यात.”

हे माझा धाकटा भाऊ दामू याचे म्हणणे आहे. तो ते हळदीच्या मांडवात सांगतो, एसटीच्या थांब्यावर सांगतो आणि म्हसा येथील जत्रेत बैलांच्या दावणीपाशी उभा राहूनही सांगतो. त्याला श्रोते मिळतात, कारण तो सांगतो चांगले. मला तसे सांगता येत नाही. मला फक्त जे घडले ते घडले त्या क्रमाने मांडता येते, आणि माझ्या मते आजारपणाच्या बाबतीत तेच अधिक उपयोगाचे आहे.

भावाची गंमत म्हणून मी हे सोडून दिले असते. परंतु याच गोष्टीच्या आधारावर त्याने एकदा स्वतःचा उपचार नाकारला होता, आणि त्याची ती अवस्था मी पाहिली आहे. शिवाय त्याचे ऐकून आमच्या गावातील आणखी दोघांनी हृदयाची तपासणी टाळल्याचे माझ्या कानावर आले. म्हणून हा लेखी खुलासा.

गॅस नव्हता

मी भातसानगरला धरणावर नोकरीला होतो. जलाशयाची पातळी पट्टीवर वाचणे, दरवाजांतून किती पाणी सोडले त्याची नोंद ठेवणे, हे माझे काम. नव्वदच्या दशकाचा शेवट जवळ आला होता, आणि माझी निवृत्तीही. उन्हाळ्याचे दिवस होते, पाणी खाली गेले होते, त्यामुळे पट्टीपर्यंत पोहोचायला नेहमीपेक्षा अधिक उतरावे लागे. त्या दिवशी उतरताना काही झाले नाही. चढताना जबडा दुखू लागला. छाती नव्हे, जबडा. दाताचे दुखणे असावे असे वाटून मी चालत राहिलो. मग अंगातला शर्ट कोणी बादलीत बुडवून काढावा तसा भिजला आणि मी पायरीवरच बसलो.

सहकाऱ्यांनी जीपमध्ये घालून शहापूरला नेले. तेथील डॉक्टरांनी छातीचा आलेख काढला, तो कागद पाहिला, त्याची घडी केली आणि जे बोलायचे ते माझ्याशी न बोलता जीपच्या ड्रायव्हरशी बोलले. नोकरीत मी हे अनेकदा पाहिले होते. दरवाजा अडकला की वरिष्ठ साहेब कारकुनाशी बोलत नाहीत, थेट क्रेनवाल्याशी बोलतात. मला त्यावरून काय ते समजले.

दामू त्या दिवशी मुरबाड तालुक्यात आपल्या शेतावर होता. जो माणूस तेथे नव्हता त्याने गॅस ओळखला, आणि ज्यांनी आलेख पाहिला त्यांना तो ओळखता आला नाही, असे मानायचे असेल तर माझे काही म्हणणे नाही.

खाटेचे दिवस

कल्याणच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागात मला ठेवले. तेथे माणसाला नाव राहत नाही, खाट राहते. “खिडकीजवळचे जेवले का?” असे माझ्याविषयी विचारले जाई. सकाळी अंग पुसणे, मग रक्त काढणे, मग डॉक्टरांची फेरी, मग दार थोडे उघडून पत्नीचा चेहरा, मग पुन्हा दार बंद. माझी पत्नी सुमन त्या दारातून काही बोलत नसे. हातातला डबा जरा उंच करून दाखवी, एवढेच. डबा आत येऊ देत नसत, तरी ती रोज आणी आणि रोज दाखवी.

भीती वाटली नाही असे मी लिहिणार नाही. तसे लिहिणारे खोटे लिहितात. परंतु भीती लोक समजतात तशी मृत्यूची नव्हती. शेजारच्या खाटेवरील गृहस्थ एका दुपारी गेले आणि त्यांची खाट संध्याकाळपर्यंत धुऊन दुसऱ्याला दिली गेली. ती व्यवस्था इतकी चोख होती की तिची मला भीती वाटली.

काही दिवसांनी हृदयाची सोनोग्राफी करायला नेले. तिला सगळे ‘इको’ म्हणत. डाव्या कुशीवर वळवतात, छातीला जेली लावतात आणि एक दांडी बरगड्यांमध्ये दाबून फिरवतात. श्वास सोडून तसेच थांबायला सांगतात. यंत्रातून मधूनच आवाज येतो, दगडावर ओले कपडे आपटावेत तसा. तो आवाज आपलाच आहे हे कळायला थोडा वेळ लागतो. तेथील परिचारिकेने जेलीची बाटली आधी स्वतःच्या दोन्ही तळव्यांत धरून ऊबदार केली होती. तिला तसे करण्याची काही गरज नव्हती. त्या आठवड्यातील उपकारांत मी तो पहिला धरतो.

डॉक्टर म्हणाले, “पस्तीस टक्के.” आणि पुढच्या रुग्णाकडे गेले.

टक्के

सारा घोळ या एका शब्दाने केला.

माझा मुलगा मिलिंद धरणाच्या वसाहतीत लहानाचा मोठा झाला. भातसानगरच्या मुलांना टक्के म्हटले की आधी धरण आठवते. धरण शंभर टक्के म्हणजे आनंद, पस्तीस टक्के म्हणजे साहेबांच्या बैठका आणि मुंबईची पाणीकपात. त्याने सरळ वजाबाकी केली आणि बाहेर बाकावर बसलेल्या आईला सांगितले की बाबांचे पासष्ट टक्के हृदय गेले. त्या दिवशी तिने डबा उंच करून दाखवला नाही.

दुसऱ्या दिवशी मला साध्या वॉर्डात हलवले आणि दामू भेटायला आला. त्याचा थोरला मुलगा आदल्या वर्षी दहावीला प्रत्येक विषयात काठावर सुटला होता. दामूने आकडा ऐकला आणि मोठ्याने म्हणाला, “पस्तीस? मग रडताय कशाला? पस्तीस म्हणजे पास. आमच्या पोराला पस्तीस पडले तर आमी गावात पेढे वाटले.”

वॉर्डातील सगळे रुग्ण हसले. सुमनही हसली, त्या आठवड्यात पहिल्यांदा. हे मी दामूच्या बाजूने नोंदवतो, कारण मी न्यायाने लिहितो आहे. मात्र विनोद म्हणून उच्चारलेले हे वाक्य त्याने पुढे सिद्धांत म्हणून वापरले, आणि माझी हरकत तेथे सुरू होते.

मुलगाही चुकला होता, भाऊही चुकला होता. दोघांपैकी एकालाही, किंबहुना मलाही, कशाचे पस्तीस टक्के हे विचारण्याचे सुचले नाही.

कडी

घरी आल्यावर माझ्या लक्षात आले की आजारी मी एकटा नाही. सुमनने भाजीतले मीठ काढले आणि स्वतःच्या ताटातूनही काढले. कोणी मोठ्याने बोलले की मिलिंद ओठांवर बोट ठेवी. मला पाण्याची कळशी उचलू देत नसत, वर्तमानपत्र आणायला जाऊ देत नसत. हे सर्व मी सहन केले. न्हाणीघराच्या दाराला आतून कडी लावायची नाही हा नियम मात्र मी सहन केला नाही.

“आत पडलात तर दार तोडायचं कोणी?” सुमन म्हणाली.

मी कडी लावली. तिने दुसऱ्या दिवशी कोणाकडून तरी कडी काढून घेतली. यावर आमच्यात जे झाले ते लिहिण्यासारखे नाही. शेवटी मी आत असेपर्यंत मोठ्याने काहीतरी म्हणत राहायचे, असा समझोता झाला. मला गाणे येत नाही, म्हणून मी धरणाच्या दरवाजांचे क्रमांक म्हणत असे. थांबलो की बाहेरून विचारणा होई. आजारपणातील घराविषयी मला यापेक्षा अधिक खरे काही सांगता येणार नाही.

पन्नास, साठ, चाळीस

तीन महिन्यांनी ठाण्याला एका दुसऱ्या डॉक्टरांनी इको काढला. पन्नास. घरात आनंद झाला. कोणी काही समजावले नाही, आणि आनंदात असलेल्या माणसांना समजावून घेण्याची घाई नसते.

पुढच्या वर्षी मुरबाडला हृदयरोगाचे शिबिर भरले. दामूने मला न विचारता माझे नाव दिले. शाळेच्या वर्गात, टेम्पोतून आणलेले यंत्र, दोन बाके जोडून केलेली खाट, दाराला चादर आणि बाहेर तालुकाभरचे लोक. डॉक्टर तरुण होते आणि सकाळपासून जेवले नव्हते. त्यांनी दांडी लावली, एकदा पाहिले आणि साठ लिहिले. मी चादरीच्या बाहेर येईपर्यंत दामूने ते सर्वांना सांगितले होते.

“फर्स्ट क्लास,” तो म्हणाला. “दादा फर्स्ट क्लासात आला. आता त्या गोळ्या टाक बंद करून.”

मी गोळ्या बंद केल्या नाहीत. याचे श्रेय तो माझ्या भित्रेपणाला देतो. कारण वेगळे आहे. पातळी कोणी वाचली, कोठून वाचली, वारा होता की नव्हता, हे ज्या आकड्यासोबत लिहिलेले नाही तो आकडा मी उभ्या नोकरीत कधी वहीत चढवला नाही. शाळेच्या बाकावर मिळालेला आकडा छातीत चढवण्याचे मला कारण नव्हते.

त्यानंतरच्या वर्षी कल्याणला एका डॉक्टरबाईंकडे इको झाला. चाळीस.

आता दामू म्हणू लागला की बघा, मशीन फसवे. मिलिंद म्हणू लागला की एका वर्षात वीस टक्के हृदय गेले, आता शहापूरचे घर बंद करा आणि आमच्याकडे बदलापूरला चला. मी निवृत्त होऊन शहापूरला स्वतःचे दोन खोल्यांचे घर बांधले होते आणि अंगणात लावलेला आंबा त्या वर्षी पहिल्यांदा मोहरला होता. मी नकार दिला. मिलिंद रागाने म्हणाला, “बाबा, तुम्हाला मरायचं असेल तर मरा, पण आईला तरी विचारा.” तो पुढे कित्येक आठवडे माझ्याशी बोलला नाही. एका आकड्याने हे केले.

लाटा

मी एकटा कल्याणला गेलो आणि डॉक्टरबाईंना विचारले की पस्तीस, पन्नास, साठ आणि चाळीस यांतील खरा आकडा कोणता, आणि उरलेले तीन लिहिणाऱ्यांवर काय कारवाई होते.

त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला बसायला सांगितले आणि प्रथम हे विचारले की हे टक्के कशाचे आहेत असे मला वाटते. मी म्हटले, हृदय किती शिल्लक आहे त्याचे. त्या म्हणाल्या, नाही. हृदयाचा डावा कप्पा रक्ताने भरतो, मग आवळतो. आत होते त्यापैकी एका ठोक्याला किती बाहेर गेले, त्याचे हे टक्के. निरोगी माणसाचे हृदयही पूर्ण रिकामे होत नाही. साठ, पासष्ट बाहेर टाकले की ते उत्तम.

म्हणजे धरण किती भरले आहे हा तो आकडा नव्हेच. दार उघडल्यावर आतल्या पाण्यातून किती सुटले, हा तो आकडा. मी बाईंना हे बोलून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या की असे समजावणे बरे पडेल. माझ्या मुलाने केलेली वजाबाकी त्या क्षणी रद्द झाली. पासष्ट टक्के कधी गेलेच नव्हते. आणि पस्तीसाला उत्तीर्ण ठरवणारा दामूही रद्द झाला, कारण येथे शंभर मिळवणारा कोणी जन्माला येत नाही.

“मग फरक का पडतो?” मी विचारले.

“काका, यंत्र फक्त चित्र दाखवतं. कप्प्याची कड कुठे आहे ते आम्ही डोळ्यांनी ठरवतो,” त्या म्हणाल्या. “चित्र धूसर असलं, ठोके अनियमित असले, दांडीचा कोन बदलला, की आकडा बदलतो. दोन डॉक्टरांच्या आकड्यांत पाच-दहाचा फरक असला तर मी त्याला फरक धरत नाही.”

पहिल्या पस्तीसाबद्दल त्यांनी निराळे सांगितले. झटक्यानंतर हृदयाचा काही भाग मरतो आणि त्याच्या आजूबाजूचा भाग केवळ बधिर होतो. बधिर झालेला भाग काही आठवड्यांत जागा होतो. म्हणून पस्तीसचे पुढे वाढणे खरे होते. शिबिरातला साठ घाईचा होता. ठाण्याचा पन्नास आणि त्यांचा चाळीस यांच्यात वेगवेगळे डोळे होते.

मला हे नवीन नव्हते. जलाशयावर वारा सुटला की पट्टीपाशी पाणी वर-खाली होते. दोन माणसांनी वाचले तर दोन आकडे येतात आणि दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसतो. त्यावर आमचा उपाय ठरलेला होता. तोच माणूस, तीच पट्टी, तीच वेळ. एका वाचनावर दरवाजा हलवायचा नाही, सलग वाचने पाहायची. मी त्याच दिवशी ठरवले की येथून पुढे माझा इको याच बाई, याच यंत्रावर काढतील. पुढल्या वेळी पंचेचाळीस आले, त्याच्या पुढल्या वेळी त्रेचाळीस, मग पुन्हा पंचेचाळीस. मिलिंदला मी सारे समजावून सांगितले. तो म्हणाला, “मग हे आधी का नाही विचारलंत?” म्हणजे तो पुन्हा बोलू लागला होता.

वाचकांपैकी कोणाच्या हातात असे दोन निराळे कागद असतील तर त्यांनी एवढे करावे. आकडे एकमेकांतून वजा करू नयेत. कोणी पाहिले, केव्हा पाहिले आणि चित्र स्पष्ट होते का, हे विचारावे. विचारल्यास डॉक्टर सांगतात. माझा अनुभव असा की न विचारल्यास सांगत नाहीत.

दामूची पाळी

काही वर्षांनी, भाताची झोडणी आटोपल्यावर, दामूच्या पत्नीचा, इंदूचा, निरोप आला. दामूचे पाय सुजत होते. विहिरीपासून घरापर्यंत येताना तो दोनदा टेकत होता. त्याच्या मुलाने त्याला कल्याणला नेऊन इको काढला होता, तोही पस्तीस आला होता, आणि डॉक्टरांनी ताबडतोब भरती व्हायला सांगितल्यावर दामू तेथून उठून घरी आला होता.

मी मुरबाडला गेलो. दामू ओटीवर भाताच्या पोत्याला टेकून बसला होता. त्याचा चेहरा भरलेला दिसत होता, आणि ती भर पाण्याची होती.

“तुझं पयलं किती होतं?” त्याने मला विचारले.

“पस्तीस.”

“माझं किती?”

“पस्तीस.”

“मग? तू हिंडतोस, भांडतोस, सायकल मारतोस. मी मेलो कसा? दोन सालांनी माझंबी साठ होईल.”

मी सांगितले की माझे साठ कधी नव्हतेच, तो आकडा घाईचा होता.

“म्हंजे मशीन चुकलं,” तो म्हणाला.

“त्या दिवशी चुकले.”

“त्या दिवशी चुकलं, मग पयल्या दिवशी बरोबर कशावरनं? आनि माझं बरोबर कशावरनं?”

हा प्रश्न योग्य होता. लाटा, पट्टी, डोळे हे सर्व मी त्याला सांगितले, आणि प्रत्येक वाक्यागणिक मी त्याचीच बाजू बळकट करत होतो. आकड्यांवर विसंबू नये हेच मी त्याला पटवत होतो. वाद अर्ध्यात सोडण्याचा माझा स्वभाव नाही, पण त्या ओटीवर मी तो सोडला.

तेव्हा इंदू दारातून म्हणाली, “तुमी दोघं भाऊ मशीनवर भांडत बसा. ह्यांना आडवं झोपता येत नाय. महिना झाला, पोत्याला टेकून बसल्या बसल्या झोपतात. त्याचे किती टक्के ते कोन सांगनार?”

दामूने तिच्याकडे पाहिले नाही. तो मला म्हणाला, “एक काम करू. दोघं जाऊ. एकाच दिवशी, एकाच बाईकडं, एकाच मशीनवर. तू झोपशील तवा मी तिथं उभा राहनार. मशीन खोटं निघालं तर तुझ्या गोळ्या आनि माझ्या गोळ्या, दोन्ही भातसात टाकायच्या.”

ते पाणी मुंबईचे लोक पितात, असे मी त्याला सांगितले.

“मग त्यांची हार्टं सुधारतील,” तो म्हणाला, आणि हसताना त्याला इतकी धाप लागली की इंदूने येऊन त्याची पाठ धरली.

मी अट मान्य केली. त्याला रुग्णालयाच्या दारापर्यंत नेण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नव्हता. मशीन खोटे ठरले तर तो पुन्हा उठून घरी येणार होता, आणि या वेळी मी त्याला अडवू शकणार नव्हतो.

एकाच खोलीत दोघे

बाईंनी आमची अट ऐकून घेतली. असे रुग्ण त्यांना पूर्वी मिळाले नसावेत. प्रथम दामू खाटेवर चढला. सपाट झोपता येत नसल्याने त्याच्या पाठीशी उशा लावल्या. त्याचे तीस आले. आकडा ऐकून तो उठून बसला, शर्टाची बटणे लावली आणि म्हणाला, “परवा पस्तीस, आज तीस. दोन दिवसांत नापास?” त्याच्या बोलण्यात जोर नव्हता, पण हट्ट होता.

मग मी झोपलो. माझे पंचेचाळीस आले.

त्याच दुपारी दामू भरती झाला. औषधाने त्याच्या अंगातले पाणी उतरले, पाय पूर्वीसारखे हडकुळे झाले. तिसऱ्या दिवशी इंदू डबा घेऊन आली ती वॉर्डाच्या दारातच थांबली. मी विचारले काय झाले. ती म्हणाली, “आडवे झोपलेत.” आणि त्याला न उठवता तेथेच जमिनीवर बसून राहिली.

तेव्हापासून तो गोळ्या घेतो. त्याने यंदाही शेत केले आणि जत्रेला बैलही नेले. लोक विचारतात तेव्हा तो म्हणतो की गोळ्या दादाच्या समाधानासाठी खातो, दादा म्हातारा झाला, त्याचे मन मोडवत नाही. त्या दिवशी मशीनने पुन्हा निराळा आकडा दाखवलाच होता, असेही सांगायला तो विसरत नाही. मग तो त्या दुपारी भरती का झाला, हे कोणी विचारत नाही, म्हणून मी सांगतो.

माझ्या झटक्यात हृदयाच्या डाव्या कप्प्याचे खालचे टोक मेले. ते हलत नाही. आकडे बदलत गेले तरी कल्याणच्या पहिल्या कागदापासून पुढे ज्या ज्या डॉक्टरांनी सावकाश पाहिले त्यांनी तीच जागा लिहिली आहे. परंतु दामू म्हणेल की एका डॉक्टराचे पाहून दुसऱ्याने लिहिले. म्हणून मी कागद पुढे करत नाही. मी असा साक्षीदार पुढे करतो ज्याला इंग्रजी वाचता येत नाही, ज्याने माझा एकही कागद पाहिलेला नाही आणि ज्याला मशीन खोटे ठरवायचे होते.

मी डाव्या कुशीवर होतो. यंत्र माझ्या पाठीमागे होते, त्यामुळे जे झाले ते मी पाहिले नाही, ऐकले. बाईंनी अजून आकडा सांगितला नव्हता आणि त्या काही दाखवतही नव्हत्या. स्क्रीनच्या काचेवर नख टेकल्याचा आवाज आला, आणि दामू म्हणाला, “बाई, बाकीचं सगळं उड्या मारतंय. दादाचं ह्ये खालचं टोक का हालत नाय?”